उसना दिलेला साचा

मोठ्या शहरातल्या एका कंपनीने आमच्या बऱ्हाणपूरच्या सुपडू मिस्त्रीला फसवलं. सहा वर्षं खपून त्याने तयार केलेला जेट विमानाचा साचा त्यांनी महिनाभरासाठी उसना नेला आणि परत दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला मी कोणत्या बाजूचा आहे हे शोधत बसावं लागणार नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा वकील लिहू नका म्हणतो. ज्यांनी साचा नेला त्यांना स्वतःचं नाव ठाऊक आहे.

आता सुपडूभाऊविषयी.

सुपडू हे नाव बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. आमच्या तापीकाठी आधीची लेकरं जगली नसली की नंतरचं बाळ जन्मताच सुपात घालतात, पाखडल्यासारखं करतात आणि त्याचं नाव सुपडू ठेवतात. कोणाची नजर त्याच्यावर पडू नये म्हणून. सुपडूभाऊ स्वतः हे वेगळ्या तऱ्हेने सांगायचा. म्हणायचा, "जन्मल्या जन्मल्या माझं वजन केलं लोकांनी. तव्हापासून मी लोकांचं करून राहिलो."

आणि खरंच करायचा. कोणतीही वस्तू हातात आली की आधी तोलायचा. लग्नाची पत्रिका, जिलबीचं पुडकं, शेजारणीचं दोन महिन्यांचं पोर. हातात वरखाली करून आकडा सांगायचा, आणि समोरच्याने नुसती मान हलवली तर त्याचं समाधान व्हायचं नाही. "वजन बोला," म्हणायचा. "छान आहे, सुंदर आहे, ते राहू द्या. वजन बोला." त्याच्या कारखान्यात वाण्याकडचा जुना काटा होता, पण मी त्याला तो वापरताना फार थोड्या वेळा पाहिलं. समोरच्याला पटत नसलं तरच तो काटा बाहेर यायचा.

माझा धंदा कूलरचा. शनवारा भागात रस्त्याच्या कडेला पोतं टाकून कूलरच्या जाळीत भरायचं लाकडी गवत विकत होतो, तिथून सुरुवात. त्या पोत्यावर बसलेला असताना सुपडूभाऊने मला पहिल्यांदा 'शेठ' म्हटलं. चेष्टेने म्हटलं होतं. पुढे माझं दुकान झालं, गोडाऊन झालं, तरी तो 'शेठ' त्याच सुरात म्हणत राहिला. मला राग यायचा. मला कशाचाही राग येतो. पण त्याच्याशी भांडण करणं फार अवघड, कारण तो उत्तरच देत नसे. हातातला पॉलिश कागद घासत राहायचा.

लालबागेच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये तो फायबरच्या वस्तू घडवायचा. मुख्य काम कूलरच्या बॉडीचं. आधी लाकडाचा नमुना करायचा, नमुन्यावरून साचा काढायचा, आणि मग साच्याला आतून मेण लावून त्यात काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन थरावर थर बसवून माल काढायचा. रेझिनचा वास इतका उग्र की नवा माणूस पाच मिनिटांत बाहेर पळायचा. सुपडूभाऊ तिथेच डबा उघडून जेवायचा.

एकदा मी शेजारच्या जिल्ह्यातल्या कारागिराची कूलर बॉडी त्याच्यापुढे नेऊन ठेवली. "हा एका थरात देतो," मी म्हटलं. "तू दोन थर मारतो. माझं नुकसान कशासाठी?" मी अर्धा तास बोललो. भाव कसा पाडायचा हे मला कोणी शिकवायला नको. सुपडूभाऊने घासणं थांबवलं, त्या बॉडीला अंगठ्याने दाबलं आणि सोडलं. पत्रा कसा डबडब करतो तसा आवाज आला.

"शेठ, यात पाणी भरा आणि समोर बसून राहा. पहिल्या उन्हाळ्यात पोट येईल, दुसऱ्यात बाळंत होईल."

शेडमधले सगळे हसले. मी बॉडी उचलून निघालो. दोन दिवसांनी त्याच्या दोन थरांच्या भावाला कबूल झालो. त्याने हसून दाखवलं नाही, हे त्याचं मोठेपण.

त्याच्या हातांविषयी सांगितलं पाहिजे. उजवा हात रेझिनने, कानशीने, घासकागदाने पार चामड्याचा झाला होता. त्या हाताला गरम-गार कळत नव्हतं म्हटलं तरी चालेल. डावा मात्र बाईच्या हातासारखा मऊ. त्या हाताने तो कोणतंही जड काम करायचा नाही. वहिनी रोज त्यावर खोबरेल चोळून द्यायच्या. शेडमध्ये शिरताना डाव्या हातात सुती मोजा असायचा, आणि नमुना तपासायची वेळ आली की तो मोजा काढायचा, डोळे मिटायचा आणि तळवा सावकाश लाकडावरून फिरवायचा. जिथे थांबला तिथे पेन्सिलची खूण. माझ्या डोळ्यांना तिथे काही दिसत नसे. तो म्हणायचा, "उजवा मजूर आहे, डावा साहेब. साहेबाले काम सांगाचं नाही, फक्त सही घ्याची."

इंदूवहिनी यावर म्हणायच्या, "साहेबाला घरी भाजी आणायची असली की तो ड्यूटीवर असतो."

विमानाचं खूळ नेपानगरहून आलं. तिथे देशमुखसाहेब म्हणून निवृत्त इंजिनियर राहायचे. रेडिओवर चालणारी विमानं उडवायचा त्यांना नाद. परदेशातून मागवलेलं मोठं जेट त्यांच्या हातून पडलं, आणि दोन तुकडे झालेलं धड घेऊन ते जीपने सुपडूभाऊकडे आले. फायबरचं काम करणारा दुसरा कोणी जवळपास नव्हता. मी त्या वेळी तिथेच कूलर मोजत उभा होतो.

सुपडूभाऊने दोन्ही तुकडे तोलले. "हे कायचं, साहेब?"

"विमानाचं धड आहे. जोडून मिळेल का?"

"जोडून देतो. पण हे जड आहे."

देशमुखसाहेब हसले. "मिस्त्री, हे जर्मनीचं आहे."

"असेल. जड आहे."

पंधरा दिवसांनी जोडलेलं धड त्यांनी स्वतःच्या काट्यावर ठेवलं. सुपडूभाऊने आतला फाजील थर घासून काढला होता, त्यामुळे जोड मारूनसुद्धा ते मूळच्यापेक्षा हलकं भरलं. साहेबांनी काटा पुसला, पुन्हा ठेवलं. नंतर वाण्याचा काटा मागितला. मग तिथल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही पूर्ण विमान कराल का?"

त्या काळी बाहेरचा माल नव्याने देशात येऊ लागला होता. पैसे भरले की मिळायचा, पण कस्टममध्ये तीन-तीन महिने अडकायचा आणि पोचेपर्यंत खोक्यात चुरा. देशभर असे नादिष्ट लोक होते. त्यांना इथेच बनलेलं किट हवं होतं. किट म्हणजे उडायला तयार असं विमान नव्हे. त्यात धडाचे भाग, पंख, शेपटी, वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण, आत बसवायच्या प्लायवूडच्या कड्या आणि इंजिनापर्यंत हवा नेणारे दोन बोगदे असतात. घेणारा घरी बसून ते जोडतो, त्यात रॉकेलवर चालणारं छोटं टर्बाइन इंजिन आणि रेडिओ बसवतो, आणि जमिनीवर उभा राहून हातातल्या डब्याने ते उडवतो. सुपडूभाऊने जे करायला घेतलं ते साडेआठ फूट लांबीचं होतं. तो कधी खऱ्या विमानात बसला नव्हता. खरं म्हणजे इंदूरच्या पलीकडे गेला नव्हता.

सहा वर्षं लागली. दिवसा कूलर, आणि कूलरचा मोसम संपला की विमान. पंखासाठी त्याने काय केलं पाहा. पंखाच्या आत थर्मोकोल असतो आणि तो तापलेल्या तारेने कापावा लागतो. सुपडूभाऊने एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायची धनुकली आणली, तिची तात काढली आणि विजेच्या शेगडीची तार ताणून बसवली. साडेतीन फुटांचा पंख एका दमात कापायचा, न थांबता, कारण तार जिथे थांबेल तिथे खड्डा पडतो. तेवढा वेळ शेडमध्ये कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा.

लाकडी नमुने त्याने दोनदा फोडले. तिसऱ्यावर तळवा फिरला आणि कुठे थांबला नाही. मग त्याच्यावरून साचा निघाला, डावा अर्धा आणि उजवा अर्धा, एकमेकांवर बसवले की मधून दिव्याचा उजेड यायचा नाही असा. त्या साच्याला पावसाळ्यात घरात आणून गादीवर झोपवायचे. इंदूवहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, "दोन वर्षं झाली, पाहुणा आला तर खाट टाकायला जागा नाही घरात. याच्या पोरीला मात्र गादी."

पहिलं विमान इच्छापूरच्या बाजूला उडालं. नवा रस्ता तयार झाला होता, गाड्या सोडायच्या बाकी होत्या. सकाळी सातला आम्ही तिथे. देशमुखसाहेबांनी इंजिन सुरू केलं, आधी शिट्टी, मग कानात बोटं घालावीत असा आवाज. सुपडूभाऊने विमानाकडे पाठ केली आणि केळीच्या बागेकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे, सहा वर्षं मेहनत केली, बघ तरी!" मी ओरडलो.

"ऐकून राहिलो ना."

त्याचं म्हणणं असं होतं, की डोळे विमानाचं कौतुक करतात, जोड कुरकुरला तर ते कानाला कळतं. पुढेही प्रत्येक उड्डाणाला तो पाठ करूनच उभा राहिला. विमान उतरल्यावर वळायचा.

ते वर गेलं तोच मोटारसायकलवरून एक हवालदार आला. "किसका है ये? परमिशन है?"

अशा जागी पुढे व्हायचं काम माझं. "साहेब, खेळणं आहे."

"इतना बड़ा खिलौना?"

"मुलं मोठी आहेत," मी देशमुखसाहेबांकडे बोट दाखवलं. ते पासष्टीचे होते.

हवालदार हसणार होता, तेवढ्यात विमानाने दक्षिणेकडे मोठा वळसा घेतला. आमच्या मध्य प्रदेशाची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. तो किंचाळला, "अरे, वो तो महाराष्ट्र में चला गया!"

"येईल आत्ता परत."

"बिना चेकिंग के?"

विमान परत आलं, पोटातली चाकं बाहेर सोडून रस्त्यावर उतरलं आणि आमच्यापासून वीस पावलांवर थांबलं. हवालदार आमच्याआधी धावत गेला. सुपडूभाऊ मागून शांतपणे चालत आला, जोडावरून डावा तळवा फिरवला आणि मग हवालदाराला म्हणाला, "उठाके देखो. वजन बोलो."

"तीस किलो?"

"उठाव तो."

हवालदाराने दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. चौदा किलो होतं, इंजिन धरून. "घर की गैस टंकी इससे भारी है," तो म्हणाला. परवानगीचं पुढे कोणी काढलं नाही. उलट पुढच्या वेळी कळवा, मुलाला आणतो म्हणाला.

देशमुखसाहेबांनी त्या विमानाचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि चार महिन्यांत कंपनीवाले आले. दोघे भाऊ, तिशीतले, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं, माल सुपडूभाऊने करावा, विक्री ते करतील. सुपडूभाऊने मला बोलावलं. "शेठ, तुम्ही बोला यांच्याशी. मले जमत नाही."

मी बोललो. एक अख्खी दुपार बोललो. स्टॅम्प पेपरवर अकरा कलमं लिहून घेतली. खोकं कोणाचं, भाडं कोणाचं, वाटेत तडा गेला तर भरपाई कोणाची, वाढीव ऑर्डर किती आधी सांगायची, खोक्यावर 'बऱ्हाणपूर' छापायचं. धाकटा भाऊ घाम पुसत म्हणाला, "अंकल, आप तो हमको निचोड़ लोगे." मला ते शब्द फार आवडले. घरी जाऊन बायकोला सांगितले.

वर्षभर किटं गेली. मग धाकट्याचा फोन आला. त्यांच्या शहरात विमानांचं मोठं प्रदर्शन होतं, ऑर्डरी एकदम आल्या होत्या. एक महिना साचा द्या, आमच्याकडेच माल काढतो, महिन्याने पोचता करतो.

आता आमच्याकडची रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. फायबरच्या कामात साचा कारागिराचा असतो. पण मोसमात एकमेकांना लागतो, तेव्हा उसना देतात. नेणारा तो वापरतो, आणि परत करताना धुऊन, मेण लावून, त्यातून काढलेला एक नग आत ठेवून आणतो. रिकामा साचा कोणी परत करत नाही. देणारा तो नग काढून बघतो, त्यावरून त्याला कळतं की साचा नीट वापरला की नाही. याचा कागद करत नाहीत. साच्याचा कागद मागणं म्हणजे समोरच्याला त्याच्या तोंडावर चोर म्हणणं. बऱ्हाणपुरात असा कागद मी आजवर पाहिलेला नाही.

त्यांचा टेम्पो आला. सुपडूभाऊने दोन्ही अर्धे गोधडीत गुंडाळले. एक टोक त्याने धरलं, दुसरं मी. टेम्पोत चढवताना मी ड्रायव्हरला म्हटलं, "सांभाळून हो, खड्ड्यातून हळू." कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोनदा मागे फिरणारा मी माणूस, अकरा कलमं लिहून घेणारा. बारावं कलम माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

महिना गेला. चार गेले. फोनवर आधी 'बस, अगले हफ्ते', मग मीटिंग, मग घंटी वाजत राहायची. सुपडूभाऊकडच्या ऑर्डरी बंद झाल्या, कारण माल आता तिकडेच निघत होता. मी नोटीस द्यायचं म्हटलं. तो म्हणाला, "नोटीस दिली तर साचा कोर्टात जाईल. माझ्याकडे कसा येईल?" आणि कूलर घासत राहिला.

तो पहिल्यांदा हलला तो वेगळ्याच कारणाने. देशमुखसाहेबांच्या ओळखीच्या एका नादिष्ट माणसाने कंपनीचं नवं किट घेतलं होतं, शेपटी बसत नव्हती. साहेबांनी ते धड इकडे मागवून घेतलं. खोक्यावर बऱ्हाणपूर नव्हतं. मी ते बघून भडकलो, पण सुपडूभाऊ खोक्याकडे बघतच नव्हता. त्याने मोजा काढला. डोळे मिटून तळवा नाकापासून मागे नेत गेला आणि शेपटीच्या हातभर अलीकडे थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

"साचा पिळला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"घाई करून राहिले ते. माल आत पुरता कडक होऊ देत नाहीत, गरम असतानाच ओढतात. साचा वाकला. दोन काड्यांइतका."

"काडेपेटीच्या दोन काड्या?" मी म्हटलं. "त्याने काय होतं?"

देशमुखसाहेबांनी उत्तर दिलं. "सावकाश उडवलं तर काही नाही. वेगात वळवलं तर हातात राहणार नाही. चौदा किलो, वर रॉकेल."

त्या दिवशी सुपडूभाऊने डबा उघडला नाही. नंतर त्याने कंपनीला तीन पत्रं पाठवली, हिंदीत, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. मी ती वाचली, टपालात मीच टाकली. तिन्हींत मजकूर एकच. त्या साच्यातून माल काढू नका. साचा माझ्याकडे पाठवा, मी सरळ करून देतो. साचा माझा आहे हे एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, ते लिही. तर म्हणाला, "ते त्यांले माहीत आहे. हे माहीत नाही."

उत्तर आलं नाही. मग एका सोमवारी तो स्वतः निघाला. पेटीत आवळून धरायचे शिकंजे, लाकडी पाचरी, गरम करायचा मोठा दिवा. इंदूवहिनींनी तीन दिवसांची दशमी बांधून दिली आणि खोबरेलाची बाटली. गाडीत मी बसवलं. "साचा घेतल्याशिवाय येऊ नको," मी खिडकीतून बजावलं. "ट्रक लागला तर फोन कर, मी पाठवतो. पोलीस लागले तर तेही पाठवतो."

पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने परत आला. मी स्टेशनवर हजर. त्याच्या हातात ती पेटी तेवढी.

"गेटच्या आत घेतलं नाही ना?" मी म्हटलं. "मला माहीत होतं."

"घेतलं. चहा पाजला. लहाना पाया पडला."

"मग साचा?"

"पिळलाच होता. अडीच दिवस लागले. सरळ झाला. आता उजेड येत नाही मधून."

मला क्षणभर कळेना तो काय सांगतोय. "म्हणजे साचा तुझ्या हातात होता?"

"होता ना."

"आणि तू नीट करून, पुसून, त्यांच्याच घरात ठेवून आला?"

"मेण लावून," तो म्हणाला.

मी फलाटावर इतका ओरडलो की केळी विकणारी बाई टोपली उचलून बाजूला झाली. काय काय बोललो ते लिहीत नाही. सुपडूभाऊने पेटी खाली ठेवली आणि मी थांबेपर्यंत उभा राहिला.

"शेठ, त्यांच्या ऑर्डरी चालू आहेत. मी साचा ओढून आणला असता, तर त्यांनी त्या वाकड्या धडावरूनच दुसरा साचा काढला असता. तेवढं येते त्यांले. मग ते विमान कुठं तरी पडलं असतं, कोणाच्या तरी पोराच्या डोक्यावर. खोक्यावर नाव कोणाचंही असू द्या. धड माझं आहे."

मी त्याची पेटी उचलली. पण एक विचारलं. "परत कधी देणार, ते तरी विचारलंस का?"

"विचारलं. मोठा बोलला, पुढच्या महिन्यात. समोर उभा राहून बोलला."

त्याने ते खरं मानलं. मी मानलं नाही, पण त्याच्यासमोर तसं म्हणालो नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मी तोंड आवरलं, त्यातली ही एक.

त्यानंतरचं वर्ष तो नेहमीसारखाच होता. कूलर केले. माझ्याशी भावावरून एकदा चांगलीच झाली. शेडच्या मागच्या भिंतीला साचा ठेवायचे दोन लाकडी घोडे होते, ते रिकामे असायचे.

शेवटचं पाहिलं ते वैशाखात. मोसम ऐन भरात, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. कूलरच्या बॉड्या दारापर्यंत आलेल्या. मी माल उचलायला गेलो होतो आणि चार बॉड्या तात्पुरत्या त्या घोड्यांवर ठेवायला लागलो. सुपडूभाऊ स्टुलावरून उठला. त्याचा श्वास तेव्हा लागत होता, दोन वाक्यं बोलला की थांबायचा.

"तिथं नको, शेठ."

"का? रिकामे तर आहेत."

"लेव्हल केले आत्ता."

खाली वाकून पाहिलं तर घोड्यांच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवलेल्या होत्या आणि वर पाण्याची पारदर्शक नळी आडवी टाकलेली, दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत. जमीन एका बाजूला दबली होती म्हणे. साचा आला आणि तिरका ठेवला, तर महिनाभरात पुन्हा पिळेल. त्याने मोजा काढला, तळवा एका घोड्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि मान हलवली. मग मला म्हणाला, "बॉड्या बाहेर ठेवा. उन्हाने काही होत नाही तुमच्या कूलरले, दोन थर आहेत."

मी बाहेर ठेवल्या. टेम्पो भरून निघालो तेव्हा तो पुन्हा त्या नळीजवळ उकिडवा बसलेला दिसला, पाठमोरा.

आषाढ लागायच्या आत गेला.

बातमी मी कंपनीला फोन करून सांगितली. थोरल्याने दुःख झालं म्हटलं. साच्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, मोल्ड कंपनीची मालमत्ता आहे, करारात त्याचा उल्लेख कुठे आहे दाखवा. उल्लेख नाही. मला दाखवता येत नाही. ती अकरा कलमं मीच लिहिली आहेत, आणि बारावं का लिहिलं नाही याचा जबाब मी इंदूवहिनींना त्यांच्या उंबऱ्यात उभा राहून दिला आहे. त्यांनी पाणी दिलं.

माझा जबाब मी दिला. आता दोघा भावांनो, तुमचा द्या. मला भरपाई नको, खोक्यावर नाव नको, वकिलाचा कागद नको. अडीच दिवस तुमच्या शेडमध्ये उकिडवं बसून एका म्हाताऱ्याने तुमची चूक सरळ केली, आणि जाताना साचा कधी देता असं विचारलं. तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलंत, पुढच्या महिन्यात. त्याला दोन उन्हाळे उलटले. त्याच्या घरी येऊन, इंदूवहिनींच्या समोर उभं राहून सांगा. कोणत्या महिन्यात?